तळं बुजवून दुसरीकडे खोदून दिलं तर चालतं का?

खाचरातला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. कायद्यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथं विचारतोय.

आमची दीड एकर जमीन बेळगावातल्या वडगावच्या शिवारात, बळ्ळारी नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात बासमती, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर किंवा वाटाणा. वडिलांच्या आधीपासून हाच क्रम. शेजारच्या साडेतीन एकरांत यंदा उन्हाळ्यात टिपर लागले. चार फूट मुरूम पडला. खाचरं गेली, आता दगड रोवून प्लॉट पाडलेत. त्या जागेच्या टोकाला एक तळं आहे. तळं म्हणायचं, पण आम्ही डबकंच म्हणतो. असेल अर्धा एकर. म्हशी डुंबायच्या, पोरं खेकडे धरायची, पाऊस जास्त झाला की नाल्याचं पाणी आधी तिथं शिरायचं आणि मग आमच्याकडे यायचं. आता तेही बुजवणार आहेत.

मालक भेटायला आला होता. माणूस वाईट नाही, चहा पिऊन गेला. म्हणाला, "तुमचं डबकं अर्ध्या एकराचं. मी वर माळावर एक एकराचं तळं खोदून देतो, कडेनं शंभर झाडं लावतो. दुप्पट झालं की नाही? फॉरेनमध्ये असंच करतात, सरकारच सांगतं." निम्म्या गल्लीला पटलं. मलाही क्षणभर पटलं. पण घरी आल्यावर वाटायला लागलं, हिशेबात काहीतरी चुकतंय. काय ते सांगता येईना.

खरंच असं करतात का? आणि आपल्याकडे चालतं का?

ह्यूस्टनचा_वडगावकर

मालकाने अर्धी गोष्ट सांगितली, आणि त्याच्या सोयीची अर्धी. मी इकडे बांधकाम परवान्यांच्या फायली करतो, त्यामुळे हा माझा रोजचा भाकरीचा विषय.

अमेरिकेत १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा आहे. त्याच्या कलम ४०४ नुसार पाणथळ जागेत भर टाकायची तर लष्कराच्या इंजिनिअर खात्याचा परवाना लागतो. (हो, लष्कराच्याच. नद्या-बंदरांचं काम त्यांच्याकडे पूर्वीपासून आहे.) परवाना मागायला गेलात की पहिला प्रश्न येतो, ही भर टाळता येईल का? दुसरी जागा आहे का? टाळता येत नसेल तर कमीत कमी किती जागेत भागेल? या दोन्हीची उत्तरं दिल्यावर जे नुकसान उरेल त्याचीच भरपाई. तुमच्या मालकाने पहिल्या दोन पायऱ्या गिळल्या आणि थेट तिसरीवर उडी मारली.

भरपाईचे प्रकार तीन. स्वतः दुसरी पाणथळ तयार करायची, एखाद्या निधीत पैसे भरायचे, किंवा 'बँके'तून क्रेडिट विकत घ्यायचं. बँक म्हणजे कुणीतरी आधीच मोठी बिघडलेली पाणथळ विकत घेऊन सुधारलेली असते. तिथं पाणी, झाडोरा, माती नीट झाली की सरकार त्याला क्रेडिट देतं आणि बिल्डर ती विकत घेतात. २००८ च्या नियमांत या बँकांना पहिली पसंती दिली, कारण बिल्डरने आपल्या कोपऱ्यात खोदलेली डबकी दोन वर्षांत वाळून जायची आणि कुणी बघायलाही जायचं नाही.

हे सगळं कुठून आलं? थोरल्या बुशनी १९८८ च्या निवडणुकीत पाणथळींची एकूण घट होऊ देणार नाही असं जाहीर केलं होतं. तेच पुढे सरकारचं धोरण झालं. २००१ मध्ये तिकडच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने हिशेब तपासला तेव्हा निष्कर्ष निघाला की हे उद्दिष्ट गाठलं जात नाही. काही ठिकाणी भरपाई केलीच नव्हती, काही ठिकाणी केली ती नुसती खड्ड्यासारखी.

आणि २००६ मधला फ्लोरिडाचा अभ्यास तुमच्यासाठी महत्त्वाचा. बँकांमुळे पाणथळी शहरातून उठून खेड्याकडे गेल्या. साहजिक आहे, बँकेला स्वस्त जमीन हवी आणि ती लांबच मिळते. कागदावर एकर जुळले. शहरात ज्यांच्या दारात पाणी थांबायचं, त्यांचं पाणी मात्र कुणी थांबवलं नाही.

गावठी_इंजिनिअर

वरच्या प्रतिसादाला मोदक. खाचरातला, तुमचा हिशेब कुठं चुकतोय ते लिटरमध्ये सांगतो.

एक एकरावर एक फूट पाणी म्हणजे १२ लाख ३३ हजार लिटर. तुमचं डबकं अर्धा एकर, सरासरी चार फूट खोल धरलं तर जवळपास २५ लाख लिटर. माळावरचं नवं तळं एक एकर, सहा फूट खोल धरू, म्हणजे ७४ लाख. मालक म्हणेल, बघा, तिप्पट दिलं.

पण माळावर पाणी येणार कुठून? बेळगावात वर्षाचा पाऊस साधारण १३०० मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार फूट. वरून ओहोळ येत नसेल तर तळ्यात तेवढंच पडणार, त्यातलं मुरमातून निम्मं झिरपणार, उरलेलं उन्हाने जाणार. मार्चमध्ये तिथं पोरं क्रिकेट खेळतील. नाल्याला पूर येईल तेव्हा त्यातला एक तांब्यासुद्धा त्या माळावर चढणार नाही. पाणी वर चढत नाही, एवढं मला इंजिनिअरिंग न करताही कळत होतं.

दुसरं, मालकाने हिशेब फक्त डबक्याचा केला. साडेतीन एकर खाचरांचा कुठं आहे? त्यावर चार फूट मुरूम पडला म्हणजे पुराच्या वेळी चार फूट पाणी मावणारी जागा भरली. साडेतीन गुणिले चार, चौदा एकर-फूट. पावणेदोन कोटी लिटरच्या आसपास. बारा हजार लिटरच्या टँकरने वाहायचं तर चौदाशेच्या वर खेपा. ते पाणी आता कुठं जाणार? तुमच्या दीड एकरात, नाहीतर मागच्या गल्लीत.

निवांत_नाला

शंका. जुलैत खाचरं बांधापर्यंत भरलेलीच असतात. मग पूर आल्यावर ती आणखी काय धरणार?

गावठी_इंजिनिअर

@निवांत_नाला, रास्त शंका. बांधापर्यंतचं पाणी आधीच आहे, ते मी धरलंच नाही. बांधाच्या वर जे पाणी पसरतं त्याचं बोलतोय. पसरट जागेत पाणी उथळ होतं, संथ होतं, दोन दिवस रेंगाळून निघतं. अरुंद केलं की तेवढंच पाणी उंच आणि जोरात जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहापूरला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना आकृती काढून दाखवायची गरज नाही.

उतारा_बघा

महसूल खात्यात आयुष्य गेलं. नोकरीत असताना असलं लिहिलं नसतं, आता लिहितो.

आपल्याकडे पाणथळ जागांचे नियम पहिल्यांदा २०१० मध्ये आले, ते बदलून २०१७ मध्ये दुसरे आले. अधिसूचित पाणथळीत दुसऱ्या वापरासाठी रूपांतर नाही, अतिक्रमण नाही, कचरा नाही, न शुद्ध केलेलं सांडपाणी नाही, आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही. वाचायला झकास. 'इथं बुजवा, तिथं खोदून द्या' अशी तरतूद त्यात कुठंही नाही. म्हणजे मालकाचं फॉरेन आपल्या नियमांत नाही. अपवाद करायचा तर राज्याने प्रस्ताव पाठवायचा आणि केंद्राने बघायचं.

आता मेख. व्याख्येतून काय काय वगळलंय ते वाचा. नदीचं पात्र वगळलं. भातशेती वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी माणसाने बांधलेली तळी वगळली. आता आपल्या तालुक्यातून ही तीन वजा करा आणि काय उरतं ते मला कळवा.

इस्रोच्या नकाशात देशातल्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळी नोंदल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की अधिसूचना होवो न होवो, या सगळ्यांना नियमांतल्या तत्त्वांचं संरक्षण द्या. पुढच्या नकाशात आकडा २,३१,१९५ झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना तीन महिन्यांत जागेवर जाऊन हद्दी ठरवायला सांगितलं. पण सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. तुमचं अर्ध्या एकराचं डबकं त्या चाळणीतून खाली पडलं.

तरी हात टेकू नका. पहाणी (आपल्या कर्नाटकातला सातबारा) काढा. त्या सर्वे नंबरात 'ब खराब' किती गुंठे दाखवलंय ते बघा. 'अ खराब' म्हणजे पिकाला नालायक, ते मालकाचंच. 'ब खराब' म्हणजे रस्ता, नाला, तळं, सार्वजनिक वापराची जागा. ते कुणाच्या बापाचं नाही, सरकारचं. एनए झालं तरी ब खराब प्लॉटमध्ये येत नाही. शिवाय २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की गावतळी ही समाजाची मालमत्ता, ती घरांसाठी वाटायची नाहीत. पाणथळीच्या नियमापेक्षा हा जुना जमीन महसुली दोर जास्त घट्ट आहे. माझं ऐका, पर्यावरणाच्या दारात जायच्या आधी भूमापनाच्या दारात जा.

मसूर_वाटाणा

सगळे शाने बोलायलेत, म्हणून मीपण बोलतो. माझी पण सव्वा एकर हाय त्याच पट्ट्यात.

भातशेती व्याख्येतनं वगळली म्हणून तुम्ही रडायलाय. वगळली तेच बरं झालं! उद्या माझं खाचर 'पाणथळ' म्हणून जाहीर झालं तर मी काय करू? पोरीच्या लग्नाला दोन गुंठे विकायचे तर कोण घेणार? धाकट्याला घर बांधायचंय, त्याला सांगू की इथं बेडकं राहतात, तू भाड्यानं राहा? बायपास आला तेव्हा आम्ही आंदोलनाला बसलो, तेव्हा शहरातले किती आले वो? तुमच्या गल्लीत पाणी येऊ नये म्हणून माझं शेत मोकळं राहायचं, आणि त्याचं मला काय? भाताला भाव नाही, रोप लागवडीला बाया मिळत नाहीत, नाल्यातनं येतंय ते पाणी कसलं ते तुम्हालाच ठाऊक, तुमच्याच संडासाचं. मुरूम टाकला त्याला शिव्या घालता, त्यानं का टाकला ते पण लिहा की.

खाचरातला

@मसूर_वाटाणा, दादा, खरं सांगायचं तर माझ्याही मनात हेच आहे. शेजाऱ्याने विकलं तेव्हा दर ऐकून मी दोन रात्री झोपलो नव्हतो. म्हणूनच प्रश्न विचारताना मी 'मालक वाईट नाही' असं लिहिलं.

सई_खानापूर

नवऱ्याच्या बदलीमुळे मी काही वर्षं त्रिशूरला होते. केरळने भाताच्या खाचरांसाठी वेगळाच कायदा केलाय, २००८ चा. भातजमीन आणि पाणथळ, दोन्ही एकाच कायद्यात. केंद्राने जे वगळलं ते त्यांनी राज्याच्या कायद्यात घेतलं. गावनिहाय नोंदवही असते, तिला डेटा बँक म्हणतात, आणि त्यात आलेलं खाचर भरता येत नाही.

मसूर_वाटाणा दादांचा घराचा प्रश्न तिथंही आलाच होता. ज्याला दुसरी जागा नाही त्याला स्वतःच्या घरापुरतं भरायची मुभा आहे, पंचायतीत १० सेंट, नगरपालिकेत ५ सेंट. १० सेंट म्हणजे आपले चार गुंठे. धाकट्याचं घर चार गुंठ्यांत नक्की होतं. आणि २०२० मध्ये खाचर खाचरच ठेवणाऱ्याला सरकारने हेक्टरी वर्षाला २००० रुपये रॉयल्टी सुरू केली. भात पिकवल्याबद्दल नाही, जमीन तशी ठेवल्याबद्दल.

भाबडेपणाने लिहीत नाही. २०१८ मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती करून जी जमीन नोंदवहीत नाही ती शुल्क भरून बदलून घ्यायची वाट काढली, आणि मग अर्जांची रांगच लागली. नोंदवहीतून आपला नंबर काढून घ्यायला लोक किती धडपडतात ते मी शेजारी पाहिलंय. तरी नोंद होती म्हणून भांडण तरी होतं. आपल्याकडे भांडायला कागदच नाही.

मसूर_वाटाणा

हेक्टरी दोन हजार म्हणजे एकराला आठशे. आठशेत एक मजूर दोन दिवस येत नाही. पण ताई, चार गुंठ्याचं पटलं.

ह्यूस्टनचा_वडगावकर

दादा, इकडेही नांगरणी-पेरणीला कलम ४०४ मधून सूट आहे, शेतकऱ्याला कोण दुखावणार? त्यांनी दुसरा दोर बांधला. १९८५ च्या शेती कायद्यात असं आहे की पाणथळ आटवून पीक काढलंत तर सरकारी अनुदानं बंद. आणि १९९० नंतर जमीन तशीच ठेवायचे पैसे देऊन कायमचे करार करायची योजना आली. बंदी एकीकडे, पैसे एकीकडे.

पण सगळं गोड नाही. २०२३ मध्ये आयडाहोतल्या सॅकेट दांपत्याच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्या पाणथळीचं पाणी बारमाही म्हणावं अशा प्रवाहाला वरून सलग जोडलेलं आहे तेवढीच केंद्राच्या कायद्यात. तो निकष लावला तर खाचरातलाचं डबकं मे महिन्यात बाद.

कंकुंबीकर

शंभर झाडांबद्दल कुणी बोललंच नाही. आम्हा खानापूरच्या लोकांना हे झाडांचं गणित पाठ आहे. जंगल गेलं की पर्यायी वनीकरण. जंगल नसलेली तेवढीच जमीन द्यायची, ती मिळाली नाही आणि नियमात बसलं तर विरळ जंगलाच्या दुप्पट क्षेत्रावर झाडं लावायची. त्यासाठी २०१६ चा निधी कायदा आहे. माझ्या अंगणामागच्या रानात ओल्या खोलगटीत वर्षभर पाणी असतं, तिथून ओहोळ निघतो, तो पुढे मलप्रभेला मिळतो. तिचा उगमच आमच्या कंकुंबीचा. ती खोलगट गेली तर तिची नोंद 'इतके हेक्टर जंगल' अशी होणार आणि भरपाई म्हणून कुठल्यातरी कोरड्या माळावर झाडं. खोलगटीतल्या पाण्याचा रकानाच नाही.

म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भंडुरा योजनेचंही तेच. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, सगळी भांडणं टीएमसीची. गोवा बरोबर की आपण बरोबर हे

संपादक मंडळ

म्हादईचा वाद इथं नको. त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो सातशे प्रतिसादांवर गेलाय. प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे.

कंकुंबीकर

मी कुणाची बाजू घेत नव्हतो. असो.

धूपदाळचा_करकोचा

@उतारा_बघा, माणसाने बांधलं म्हणून वगळलं, याचं मला कायम हसू येतं. आमचं धूपदाळ घ्या. ब्रिटिशांनी घटप्रभेवर बंधारा घातला, मागे पाणी तुंबलं, बेटं झाली, चिखल झाला, आणि परदेशातून करकोचे यायला लागले. १९७४ मध्ये त्याचं पक्षी अभयारण्य झालं. ते टिकलंय वन्यजीव कायद्यावर, पाणथळीच्या नियमावर नाही. गदग जिल्ह्यातलं मागडीचं तळं शेतीच्या पाण्यासाठीच बांधलेलं, तिथं हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात, आणि २०२४ मध्ये ते रामसर कराराच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. ज्या करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, तो करार माणसाने केलेली आणि तात्पुरती पाणथळसुद्धा पाणथळच मानतो. २००८ ला कोरियात झालेल्या त्यांच्या बैठकीत भाताच्या खाचरांवर वेगळा ठराव झाला, की ही शेती म्हणजेच पाणथळ व्यवस्था. जगात सही करताना खाचर पाणथळ, घरी नियम लिहिताना नाही!

खाचरातला, तुमच्या डबक्यात काय काय येतं? पाणकोंबडी, ढोकरी, काही?

खाचरातला

ढोकरी भरपूर. लागवडीच्या वेळी बगळे नांगरामागे. आणि पावसाच्या तोंडाला रात्रभर बेडूक, झोपू देत नाहीत.

तर मंडळी, गेल्या आठवड्यात पहाणी काढली. मला कन्नड अर्धीच वाचता येते. बायकोची मैत्रीण शाळेत कन्नड शिकवते, तिच्याकडे घेऊन गेलो. साडेतीन एकरांच्या त्या नंबरात खराब १९ गुंठे दाखवलंय, आणि त्यापुढे 'केरे' (तळं) आणि 'हळ्ळ' (ओढा) असे शब्द आहेत. तिने पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. 'ब' आहे. तिथं उभा राहून मोबाईलवर दिशांक या सरकारी नकाशाच्या ॲपमध्ये बघितलं तर तळ्याची आकृती दिसते आणि त्यातून नाल्याकडे जाणारी एक बारीक रेघ. आज तिथं रेघ नाही, मुरूम आहे.

मालकाला दाखवलं. तो म्हणाला, मला हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. खरं असेल. लगेच पुढे म्हणाला, मग १९ गुंठ्यांच्या बदल्यात माळावर दोन एकर देतो. मी म्हटलं, ते माझं नाहीच तर बदली काय घेऊ?

उतारा_बघा

शाब्बास. आता जास्त बोलू नका, अर्ज करा. हद्द मोजणीसाठी तहसीलदारांकडे, प्रत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला आणि बुडाला, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाला. अर्ज मराठीत द्यायचा हट्ट असेल तर द्या, पण सोबत कन्नड प्रत जोडा, नाहीतर भाषेच्या वादात दोन महिने जातील आणि तोवर गटार, विजेचे खांब सगळं होईल. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ती बारीक रेघ अर्जात ठळक लिहा. तळं सगळ्यांना दिसतं, त्याला पाणी आणणारी वाट कुणी बघत नाही. वाट बुजवली की तळं आपोआप मरतं आणि मग म्हणायला मोकळे, इथं पाणी नव्हतंच.

गावठी_इंजिनिअर

हे शेवटचं वाक्य माझ्या हिशेबात राहूनच गेलं होतं. मोजणी होईल तेव्हा पातळ्याही घेऊन ठेवू, नाल्याचा काठ, तळ्याचा तळ, मुरमाचा माथा. माझ्याकडे लेव्हल मशीन आहे, जुनं आहे पण चालतं.

मसूर_वाटाणा

माझ्या बांधावरनं वाट हाय, गाडी तिथंपर्यंत येतीय. अर्जावर माझी पण सही घ्या. पण एक अट, त्यात माझ्या सव्वा एकराचं पाणथळ बिणथळ काय लिहायचं नाही. फक्त केरे आणि हळ्ळ.

खाचरातला

मान्य. कन्नड प्रत बायकोची मैत्रीण लिहून देतेय. रविवारी सकाळी आठला नाल्याच्या पुलावर जमू. पट्टी धरायला दोन माणसं कमी पडतायत, कुणी येत असेल तर इथंच सांगा. चिखल गुडघाभर आहे, चप्पल घालून येऊ नका.